टाईन नदीवरचा फिरता पूल: कशासाठी बांधला, कसा फिरतो आणि का थांबला

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांची मुलगी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला शिकते. तिथे टाईन नदीवर एक ठेंगणा लोखंडी पूल आहे, त्याला सगळे स्विंग ब्रिज म्हणतात, पण तो फिरताना तिने कधीच पाहिला नाही. शेजारी एवढा उंच पूल असताना हा फिरता पूल बांधायची गरज काय होती? वीज नव्हती त्या काळात हे धूड फिरवत कसे होते? आणि आता तो का फिरत नाही?

माझी सगळी नोकरी गोदीतल्या यंत्रांवर गेली. गोदीचे दरवाजे, क्रेन, दाबाच्या पाण्यावर आणि पुढे तेलावर चालणारी यंत्रे. या पुलाबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे, कारण आमच्या धंद्याची बरीचशी मुळाक्षरे ज्या माणसाने गिरवली त्याच्याच कारखान्यात हा पूल घडला. म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी एक गोष्ट पक्की करू. पूल म्हटला की आपण रस्त्याचा विचार करतो: या काठावरची माणसे त्या काठाला कशी जातील. हा पूल मात्र नदीसाठी बांधला. रस्ता तिथे आधीच होता, शेकडो वर्षांपासून होता. अडचण अशी होती की तो रस्ता नदीचा गळा आवळून बसला होता.

या जागी पूल असण्याची परंपरा फार जुनी आहे. सम्राट हेड्रियनच्या काळात, इसवी सन १२२ च्या सुमारास, रोमनांनी इथे पूल बांधला आणि हेड्रियनच्या कुळनावावरून त्याला पॉन्स एलियस म्हटले. तो पूल नेमका याच जागी असावा असे मानण्याला चांगला आधार आहे. १८७५ साली, म्हणजे फिरत्या पुलाचे काम चालू असतानाच, नदीच्या तळातून नेपच्यून देवाची एक दगडी वेदी वर आली. १९०३ मध्ये तशीच दुसरी सापडली, ओशनस देवाची. दोन्ही रोमनांच्या सहाव्या पलटणीने अर्पण केलेल्या. समुद्रदेवाला आणि महासागरदेवाला हात जोडून मगच नदीवर पाय ठेवायचा, ही भावना आपल्याकडच्या कोळ्यांना कुणी समजावून सांगायला नको. दोन्ही वेद्या आज न्यूकॅसलच्या ग्रेट नॉर्थ म्युझियममध्ये आहेत.

त्यानंतर मध्ययुगीन पूल आला, तेराव्या शतकातला. त्यावर घरे होती, दुकाने होती. मालकीही वाटलेली: न्यूकॅसलकडचा दोन तृतीयांश भाग शहराचा, समोरच्या काठावरच्या गेट्सहेडकडचा एक तृतीयांश डरहॅमच्या बिशपचा. दुरुस्ती कुणी करायची यावरून अशा मालकीत काय होते, ते सांगायला नको. १७ नोव्हेंबर १७७१ च्या पहाटे टाईनला प्रचंड पूर आला आणि या पुलाच्या कमानी घरादारांसह वाहून गेल्या. त्या पुरात नदीवरचे जवळजवळ सगळे पूल गेले. वरच्या अंगाला, म्हणजे नदी जिकडून येते तिकडे, कॉर्ब्रिजचा तेवढा टिकला. मग १७८१ साली न्यूकॅसलला नऊ कमानींचा नवा दगडी पूल उभा राहिला.

खरी गोष्ट या दगडी पुलापासून सुरू होते. तो देखणा होता, पण कमानी बुटक्या आणि खांब जाडजूड. समुद्रात जाणारे गलबत त्याच्या खालून नदीच्या वरच्या अंगाला जाऊ शकत नसे. वरच्या अंगाच्या खाणींतला कोळसा ‘कील’ नावाच्या बसक्या होड्यांतून, एका होडीत सुमारे २१ टन, डोलकाठी आडवी पाडून पुलाखालून आणायचा आणि खाली नांगरलेल्या जहाजांत फावड्याने चढवायचा. म्हणजे एकच कोळसा दोनदा हाताळायचा. हे करणारे कीलमेन म्हणजे टाईनकाठची एक मोठी जमातच होती. खाणमालकांना हा दुहेरी खर्च सलत होता. पण पुलाने अडवलेली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती, ती म्हणजे गाळ.

१८५० मध्ये टाईन सुधारणा आयोग नेमला गेला आणि १८५९ मध्ये जॉन फ्रान्सिस उर हा अभियंता तिथे आला. तो ग्लासगोच्या क्लाईड नदीवर काम केलेला माणूस. क्लाईड ही मुळात उथळ नदी. ती खणून खणून तिची जहाजांची नदी केली होती. तेच टाईनचे करायचे हे त्याने ठरवले. वाफेवर चालणारे गाळ उपसणारे ड्रेजर लावून पात्र मैलोन्‌मैल खोल करायचे. आता विचार करा: खाली वीस-पंचवीस फूट खोल पाणी केले, वरही केले, आणि मध्ये हा नऊ कमानींचा बांध. त्याच्या बुडाशी खणायला जावे तर उथळ पायाचे दगडी खांबच उघडे पडणार. नदी खोल करायची तर जुना पूल पाडण्यावाचून मार्ग नव्हता. १८६० च्या दशकात शेजारी लाकडी तात्पुरता पूल घालून तो पाडायला घेतला आणि १८७३ मध्ये नव्या पुलाचे काम सुरू झाले.

शेजारी उंच पूल असताना, हा प्रश्न इथे येतो. तो उंच पूल रॉबर्ट स्टीफन्सनचा, १८४९ चा. वर आगगाडी, खाली रस्ता, असा दुमजली. त्याच्याखालून जहाजे जात. पण तो डोंगराच्या माथ्यावरून माथ्यावर जातो. टाईनचे काठ इथे उभे कडे आहेत. धक्का, बाजार, गोदामे सगळी खाली पाण्यालगत. मालाने भरलेली घोडागाडी धक्क्यावरून निघून चढ चढून वर, मग नदी ओलांडून पुन्हा उतार उतरून गेट्सहेडच्या धक्क्यावर, हे रोजच्या व्यवहाराला परवडणारे नव्हते. शिवाय वर टोल. खालच्या पातळीवर पूल हवाच होता आणि जहाजांनाही वाट हवी होती. दोन्ही हवे असेल तर पूल हलला पाहिजे.

इथे विल्यम जॉर्ज आर्मस्ट्राँग येतो. जन्म न्यूकॅसलचा, १८१० चा. शिक्षणाने आणि सुरुवातीच्या धंद्याने तो वकील. मासेमारीचा नाद. एकदा यॉर्कशायरमधल्या डेंटडेल खोऱ्यात गळ टाकून बसला असताना त्याने एक पाणचक्की पाहिली आणि त्याच्या मनात आले की एवढ्या उंचीवरून पडणाऱ्या पाण्यातली फार थोडी ताकद हे चाक वापरते, बाकीची वाया जाते. तेच पाणी नळात कोंडून त्याच्या दाबावर यंत्र चालवले तर? १८४६ मध्ये त्याने न्यूकॅसलच्या धक्क्यावरची एक क्रेन शहराच्या नळाच्या पाण्यावर चालवून दाखवली. १८४७ मध्ये वकिली सोडून पुलाच्या वरच्या अंगाला, एल्सविकला, कारखाना काढला. हे ‘वरच्या अंगाला’ लक्षात ठेवा.

नळाचा दाब मात्र बेभरवशाचा. गावात पाणी सुटले की क्रेन मंदावणार. पहिला उपाय म्हणजे उंच टाकी. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ग्रिम्सबी बंदरात याच कामासाठी १८५२ मध्ये ३०९ फूट उंच मनोरा उभा राहिला. टाकी सुमारे २०० फुटांवर. मनोरा आजही आहे. पण हिशेब बघा. २०० फूट उंचीच्या पाण्याने दर चौरस इंचाला जेमतेम ८७ पौंड दाब मिळतो. न्यू हॉलंड नावाच्या ठिकाणी जमीन एवढी भुसभुशीत होती की मनोरा बांधणेच शक्य नव्हते, आणि त्या अडचणीतून आर्मस्ट्राँगला त्याची सगळ्यात मोठी युक्ती सुचली.

उंचीऐवजी वजन. एक उभा सिलिंडर घ्यायचा, त्यात जाडजूड दट्ट्या, आणि दट्ट्यावर दगडगोटे किंवा भंगार लोखंड भरलेली अवजड पेटी. पंप हळूहळू पाणी ढकलत राहतो, पेटी वर चढत जाते. यंत्राला पाणी लागले की पेटी खाली बसू लागते आणि पाणी त्याच दाबाने बाहेर पडते. याला ॲक्युम्युलेटर म्हणतात. आर्मस्ट्राँगच्या कामांत दाब साधारण दर चौरस इंचाला ६०० ते ७५० पौंड असे. ७०० पौंड धरला तर तेवढा दाब टाकीने मिळवायला १,६०० फूट उंच मनोरा लागला असता.

ही युक्ती मला आजही थोर वाटते आणि फिरता पूल समजायचा तर हीच समजली पाहिजे. पूल फिरवायला ताकद लागते ती काही मिनिटे. त्या काही मिनिटांसाठी मोठे वाफेचे इंजिन दिवसभर पेटते ठेवणे हा शुद्ध कोळशाचा नाश. ॲक्युम्युलेटर असेल तर लहान इंजिन पुरते. ते सवडीने पाणी भरते आणि पूल ती साठवलेली ताकद एका दमात खर्च करतो. न्यूकॅसलच्या पुलात ही पेटी वर दिसत नाही, कारण ती मधल्या खांबाच्या पोटात, सुमारे ६० फूट खोल विहिरीत आहे.

आता पूल कसा फिरतो ते. मधला फिरणारा भाग २८१ फूट लांब, म्हणजे सुमारे ८६ मीटर. तो बरोबर मध्यावर एका गोल खांबावर तोललेला, दोन्ही बाजूंना सारखे पंख. फिरून नदीच्या रेषेत आला की त्याच्या दोन्ही अंगांना जहाजांसाठी सुमारे शंभर-शंभर फुटांच्या दोन वाटा मोकळ्या होतात. उघडलेला पूल ज्या रेषेत येतो तिथे खांबाच्या पुढे-मागे लाकडी धक्का बांधला आहे, एखादे भरकटलेले जहाज पुलाच्या पंखाला धडकू नये म्हणून. वरच्या बाजूला मध्यभागी जी घुमटीसारखी खोली दिसते ती चालकाची. तिथून दोन्ही काठ आणि नदी एका नजरेत येते.

फिरणाऱ्या भागाचे वजन हजार टनांहून जास्त. ते गोलाकार रांगेत बसवलेल्या बिडाच्या रोलरांवर आहे. पण सगळा भार रोलरांवर टाकून फिरवायला गेलात तर रोलर आणि खालची वाट, दोन्ही झिजून जातील आणि ताकदही अफाट लागेल. म्हणून मध्यभागी एक मोठा पाण्याचा प्रेस. फिरवायच्या आधी त्यात दाबाचे पाणी सोडले की तो पुलाचा बराच भार स्वतःवर घेतो. जात्याची वरची तळी जरा उचलून धरली की ते जसे हलके फिरते, तसाच प्रकार. समजा ९०० टन भार उचलायचा आहे आणि दाब ७०० पौंड आहे; तर दट्ट्याचा व्यास साधारण पाच फूट लागेल. एवढ्या आकाराचा दट्ट्या ओतून, कातून, गळती न होता बसवणे हे १८७० च्या दशकातल्या कारखान्याचे खरे कसब.

रोलरांवरचा सगळा भार मात्र काढत नाहीत. थोडा ठेवावाच लागतो, नाहीतर वाऱ्याने पूल डोलेल. मग पाण्यावर चालणारी तीन सिलिंडरांची इंजिने दातेरी चाकांमधून पुलाला गोल फिरवतात. आर्मस्ट्राँगची ही इंजिने मी ज्या ज्या जुन्या आराखड्यांत पाहिली तिथे मला एकच गोष्ट जाणवली: चालणारे भाग कमीत कमी आणि प्रत्येक भागापर्यंत माणसाचा हात पोचेल अशी जागा.

गळती रोखायला काय, असे तरुण अभियंते विचारतात. चामडे. गावातल्या हातपंपात जो चामडी वायसर असतो त्याचाच मोठा भाऊ. इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला. दाब जितका वाढेल तितका तो आपणहून भिंतीला घट्ट चिकटतो. पण त्याला ओलावा लागतो. यंत्र बंद ठेवले, चामडे सुकले, की ते कडक होते, चिरते आणि पुढच्या वेळी गळू लागते. हा मुद्दा शेवटी पुन्हा लागणार आहे.

पूल बंद स्थितीत असतानाची काळजी वेगळीच असते. फिरताना दोन्ही पंख अधांतरी, त्यामुळे टोके किंचित खाली झुकलेली. तशाच स्थितीत वरून गाडी गेली तर टोक आपटत राहील. म्हणून कोणत्याही फिरत्या पुलात बंद झाल्यावर टोकांना खालून उचलून टेकू द्यावा लागतो आणि उघडण्याआधी तो काढावा लागतो. त्यात उन्हाळा. ८६ मीटर लोखंड २० अंशांनी तापले तर सुमारे २० मिलिमीटर वाढते. फटी ठेवण्यात कसूर झाली की पूल ऐन उन्हात अडकून बसतो. फिरता पूल अडला की दोष बहुतेक वेळा मधल्या मोठ्या यंत्राचा नसतो, टोकांचा असतो.

सांगाडा घडीव लोखंडाचा, रिव्हेट मारून जोडलेला, पोलादाचा नाही. ब्रिटनमध्ये पुलांसाठी पोलाद वापरायला सरकारी मान्यता मिळाली ती १८७७ मध्ये, म्हणजे हा पूल खुला झाल्यानंतर. पाया आणि खांबांचे काम आयोगाच्या अभियंत्यांकडे होते. वरचे लोखंडी काम आणि यंत्रे एल्सविकच्या कारखान्याची. १५ जून १८७६ ला रस्ता सुरू झाला. १७ जुलैला पूल पहिल्यांदा जहाजासाठी फिरला. जगातला तेव्हाचा सगळ्यात मोठा फिरता पूल.

ते पहिले जहाज कोणते हे पाहिले की सगळा हेतू उघड होतो. इटलीचे ‘युरोपा’. ते कोळसा न्यायला आले नव्हते. ते एल्सविकला चालले होते, आर्मस्ट्राँगच्या कारखान्यात इटलीच्या आरमारासाठी ओतलेली शंभर टनी तोफ न्यायला. तोपर्यंत आर्मस्ट्राँग क्रेनवाला राहिला नव्हता. १८५० च्या दशकापासून तो तोफाही बनवत होता आणि त्या तोफा दरसाल जड होत होत्या. शंभर टनांचा एक नग खुष्कीने समुद्रापर्यंत नेणे अशक्यच. जहाज कारखान्याच्या दारात आले पाहिजे, आणि दारात यायचे तर मधला पूल हलला पाहिजे. आर्मस्ट्राँगने शहरावर उपकार म्हणून पूल दिला, असे भाबडेपणाने सांगितले जाते ते मला पटत नाही. शहराला पूल हवा होता, आयोगाला खोल नदी हवी होती, त्याला दार हवे होते. तिघांचे हित एका जागी आले म्हणून काम इतके उत्तम झाले.

पुढे १८८४ मध्ये त्याच्या कंपनीने एल्सविकला युद्धनौकांचा कारखानाच काढला. आता तोफेला जहाज बोलवायची गरज नाही, जहाज तिथेच बांधायचे, तोफा तिथेच चढवायच्या. १८८७ मध्ये तिथे जलावतरण झालेली ‘व्हिक्टोरिया’ ही दहा हजार टनांहून मोठी युद्धनौका या पुलातून बाहेर पडली. तीच पुढे १८९३ मध्ये आपल्याच ताफ्यातल्या जहाजाशी टक्कर होऊन आजच्या लेबनॉनमधल्या त्रिपोलीजवळ बुडाली. जपानची ‘याशिमा’ आणि ‘हात्सुसे’ एल्सविकच्याच. रशिया-जपान युद्धात जपानने जी नौदलाची ताकद लावली तिचा मोठा वाटा या शंभर फुटी वाटेतून समुद्रात गेला होता. पुलाच्या कौतुकात हे विसरू नये असे मला वाटते. ही वाट कोळशाइतकीच तोफांची होती.

कोळशाचीही होतीच. १८९३ मध्ये वरच्या अंगाला डन्स्टनला स्टेथ्स, म्हणजे कोळसा चढवायचे उंच लाकडी धक्के, उभे राहिले. रेल्वेचे डबे थेट वर न्यायचे आणि कोळसा घसरणीवरून जहाजात सोडायचा. आता जहाजच पुलापलीकडे जाऊ लागल्यावर कीलमेनचे काम संपले. १९२४ साली पूल सुमारे ६,००० वेळा फिरला असे सांगतात. म्हणजे सरासरी दिवसाला सोळा वेळा. त्या काळच्या चालकांचा आणि यंत्रघरातल्या फिटरांचा मला हेवा वाटतो. इतके काम करणारे यंत्र ठणठणीत राहते.

आपल्याशी याचा धागा आहे, पण तो पुलातून जात नाही, पुलाला वळसा घालून जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युद्धनौका इतक्या रुंद आणि उंच होऊ लागल्या की एल्सविकची जागा आणि त्याखालचे पूल, दोन्ही अडचणीचे झाले. कंपनीने पुलाच्या खालच्या अंगाला, वॉकरला, नवा कारखाना उभारला आणि पहिल्या महायुद्धानंतर एल्सविकचा जहाजबांधणीचा भाग बंद झाला. विकर्स-आर्मस्ट्राँग नावाने तोच व्यवसाय पुढे चालला. ‘हर्क्युलिस’ नावाच्या विमानवाहू नौकेचा सांगाडा तिथे टाईनवरच घडला आणि २२ सप्टेंबर १९४५ ला पाण्यात उतरला. युद्ध संपल्याने काम थांबले. १९५७ मध्ये भारताने ती घेतली, बेलफास्टला ती पूर्ण झाली आणि १९६१ मध्ये ‘विक्रांत’ म्हणून मुंबईला आली. नंतर ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती तेव्हा ज्यांनी पाहिली असेल, त्यांनी टाईनकाठचे रिव्हेट पाहिले आहेत.

पुलाकडे परत येऊ. १९५० च्या दशकाच्या अखेरीस वाफेचे पंप जाऊन विजेचे आले. पण वीज फक्त पाणी भरते. फिरवायचे काम पाण्याच्या दाबावर, मूळच्या यंत्रांनीच होत राहिले. मधल्या काळात वरच्या अंगाचा सगळा उद्योग गळून पडला. डन्स्टनचे स्टेथ्स १९८० मध्ये बंद झाले. जहाजे येईनात, मग पूल फिरणार कोणासाठी? अधूनमधून एखादी नौका, एखादा समारंभ किंवा चाचणी, एवढ्यासाठी तो फिरत राहिला. १९६८ पासून मालकी टाईन बंदराकडे आहे. २०१९ नंतर यंत्रातल्या बिघाडांमुळे त्याचे फिरणे थांबले. रस्ता मात्र चालू आहे. मुलगी रोज त्यावरून जात असेल.

पुन्हा फिरेल का? तांत्रिक दृष्टीने अडचण नाही. याचा पुरावा मँचेस्टरजवळ बार्टनला आहे: १८९४ चा फिरता जलसेतू, कालव्याचे पाणी पोटात घेऊन १,४५० टनांचा फिरतो. असे पूल झिजून मरत नाहीत, बसून मरतात. महिनोन्‌महिने एकाच जागी भार राहिला की रोलर आणि त्यांची वाट यांच्यात गंज धरतो आणि खड्डे पडतात. चामडी वायसर सुकतात. पाण्याच्या नळांत आतून पापुद्रे सुटतात आणि नेमके झडपेत जाऊन अडकतात. शिवाय हा पूल संरक्षित वास्तू आहे, त्यामुळे जुना भाग काढून सोयीचा नवा बसवून टाकू, असे चालत नाही. जुन्यासारखाच घडवावा लागतो. तो घडवणारे हात महाग आहेत आणि दुर्मिळ.

माझ्या हाती असते तर क्रम असा ठेवला असता. आधी प्रेसमध्ये दाब सोडून पूल न फिरवता फक्त उचलून पाहायचा आणि गळती मोजायची. मग टोकांचे टेकू मोकळे होतात का ते तपासायचे. मग काही अंश फिरवून परत आणायचा, रोलर एकेक करून बघायचे. पूर्ण फेरी त्यानंतर. आणि एकदा फिरू लागला की जहाज असो वा नसो, महिन्यातून एकदा तो फिरवायचाच, त्याचा खर्च रंगकामासारखाच देखभालीत धरायचा. नाहीतर पाच वर्षांनी हेच सगळे काम पुन्हा काढावे लागेल.